कडेच्या गावांचा रेडिओ

लहान गावाचे रेडिओ केंद्र बहुधा दोन खोल्यांत मावते. एका खोलीत बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंती मढवून केलेला स्टुडिओ, दुसरीत संगणक, मिक्सर आणि पन्नास वॉटचा प्रक्षेपक; बाहेर तीस मीटरपर्यंत उंचीचा मनोरा. एवढ्या सामग्रीवर आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. त्या परिघात एक बाजारगाव, भोवतीची खेडी आणि मळ्यांतल्या वस्त्या येतात. महाराष्ट्रात अशी केंद्रे उभी राहू लागली ती २००२ नंतर, सरकारी धोरण बदलल्यावर. रेडिओ मात्र त्याआधी पाऊण शतक या राज्यात बोलत होता. गावाला ऐकण्याची सोय लवकर मिळाली आणि बोलण्याची इतक्या उशिरा का, हा या विषयातला पहिला प्रश्न आहे.

रेडिओच्या इतिहासाची पुस्तके सहसा मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत सुरू होतात आणि तिथेच संपतात. नामवंत निवेदक, गाजलेल्या श्रुतिका, संगीतसभा यांचा तो इतिहास आहे आणि तो मोलाचाही आहे. हे पुस्तक ऐकणाऱ्या गावापासून सुरुवात करते आणि त्यासाठी नामपूरचा पट्टा समोर ठेवते.

नामपूर हे नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातले, मोसम नदीकाठचे बाजारगाव. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून होणाऱ्या कसमादे पट्ट्यात ते येते. कांदा आणि डाळिंब ही इथली नगदी पिके, बाजार समितीतला लिलाव हा रोजच्या बोलण्याचा विषय आणि घरातली बोली अहिराणी. कागदोपत्री जिल्हा नाशिक, पण बोलीने आणि सोयरिकीने हा भाग खानदेशाकडे झुकलेला. आकाशवाणीची केंद्रे नाशिक, धुळे, जळगाव अशा जिल्ह्याच्या शहरांत. त्यांतले एकही या खोऱ्यात नाही. नाशिक आणि मोसम खोरे यांच्यामध्ये सातमाळ्याची रांग उभी आहे. एफएम लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की पलीकडे आवाज क्षीण होतो, खरखर वाढते. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात, म्हणून ९६३ किलोहर्ट्झवरचे जळगाव केंद्र अशा डोंगराळ मुलखाला दिवसा सोयीचे. रात्री मात्र याच मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात आणि शेकडो किलोमीटरवरची परकी केंद्रे जवळच्या केंद्रावर चढतात. अशी गावे अनेक केंद्रांच्या टप्प्यात असतात आणि प्रत्येकाच्या कडेला असतात. महाराष्ट्रातली बहुसंख्य गावे याच स्थितीत रेडिओ ऐकत आली. म्हणून नामपूर हा अपवाद नव्हे; या इतिहासाचा तो नेहमीचा श्रोता आहे.

प्रसारणाची सुरुवात शहरापुरती होती. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी कार्यक्रम प्रक्षेपित केले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. दीड किलोवॉटचा प्रक्षेपक, सुमारे पन्नास किलोमीटरांचा टप्पा आणि वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क. तंत्राच्या हिशेबाने हे केंद्र एका शहराचेच होते, पण त्या शहरातल्याही थोड्या सुखवस्तू घरांचे. परवान्यांच्या उत्पन्नावर कंपनी तगली नाही. १९३० मध्ये ती बंद पडली, सरकारने केंद्रे हाती घेतली आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. प्रसारण सरकारच्या हाती जाण्याचे कारण सुरुवातीला धोरणापेक्षा दिवाळखोरी हे होते, याकडे अभ्यासक फारसे लक्ष देत नाहीत. पुढे मात्र त्याचेच धोरण झाले आणि ते सहा दशके टिकले.

स्वातंत्र्यानंतर मराठी मुलखात केंद्रे वाढली: नागपूर १९४८, पुणे १९५३, सांगली १९६३, जळगाव १९७६, त्याच काळात परभणी, औरंगाबाद, रत्नागिरी. पुणे केंद्राने या वाढीला वेगळे वळण दिले. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर तिथून 'गीतरामायण' प्रसारित झाले आणि रेडिओ केंद्र नवे साहित्य घडवू शकते हे सिद्ध झाले. त्याच सुमारास व्यंकटेश माडगूळकर तिथल्या ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात आले. माणदेशची बोली कागदावर आणणारा लेखक गावासाठी कार्यक्रम करतो, ही घटना मराठी रेडिओच्या इतिहासात फार मोलाची आहे. पारावरच्या गप्पांचा घाट, शेतकऱ्याच्या तोंडचा प्रश्न, प्रमाणभाषेबाहेरची लय यांना त्या काळात रेडिओवर जागा मिळाली. ती जागा अर्थात कार्यक्रम अधिकाऱ्याने दिलेली होती आणि अधिकारी बदलला की आक्रसतही होती.

पुण्यातच १९५६ मध्ये झालेला एक प्रयोग या क्षेत्राचा खरा प्रारंभबिंदू मानावा लागतो. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ ग्रामीण मंडळे स्थापली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे वीस कार्यक्रम फेब्रुवारी ते एप्रिल या दहा आठवड्यांत झाले. गावातली पंधरा-वीस माणसे सार्वजनिक रेडिओभोवती बसत, कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत. संयोजक चर्चेचा अहवाल आणि पडलेले प्रश्न पुण्याला पाठवत आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. कल्पना कॅनडातल्या शेतकरी मंडळांची होती. तिला इथे आणण्यात आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक आणि हिंदीतले नाटककार जगदीशचंद्र माथुर यांचा पुढाकार होता. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून पॉल न्यूरॅथ यांनी केले. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि काहीच नसलेली गावे अशी त्यांनी तुलना केली. मंडळांच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ फार थोडी होती.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष दुसरा होता. मंडळे केवळ ऐकत नव्हती, निर्णय घेऊ लागली होती. काही बाबतींत ग्रामपंचायतीपेक्षा झपाट्याने. गावाकडून प्रश्न केंद्राकडे जाण्याची वाट उघडली की त्याच प्रक्षेपकाचा उपयोग किती बदलतो, याचा इतका स्वच्छ पुरावा त्यानंतर क्वचितच मिळाला. १९५९ पासून योजना देशभर नेण्यात आली आणि मंडळांची संख्या हजारांत गेली. पण पुण्याच्या प्रयोगात गावोगाव फिरणारे संघटक होते, ते विस्तारात उरले नाहीत. पत्रांना उत्तरे येईनाशी झाली, बिघडलेले संच दुरुस्त होईनात आणि मंडळे हळूहळू कागदावर राहिली. महाराष्ट्राने जगाला दाखवलेली वाट महाराष्ट्रातच मोडली, ही या कथेतली सर्वांत दुःखद बाब आहे.

पुढची दोन दशके रेडिओचा भर वरून खाली ज्ञान पोचवण्यावर राहिला. हरितक्रांतीच्या काळात केंद्रांवर शेती आणि गृह विभाग आले. तंजावर भागात एडीटी-२७ हे भाताचे वाण रेडिओवरून इतके पसरले की लोक त्याला रेडिओ भात म्हणू लागले. त्या प्रसारणाचे श्रेय नाकारता येणार नाही. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला, चावडीवरचा रेडिओ बांधावर आला आणि हवामान, कीडनियंत्रण, बाजारभाव यांची सवय शेतकऱ्याला लागली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि करमणुकीचा वेगळा प्रवाह बळकट झाला. तरीही गाव श्रोताच राहिले. त्याचा सहभाग फर्माईश पाठवणाऱ्या पोस्टकार्डापुरता. ही पोस्टकार्डे मात्र कमी लेखता येणार नाहीत. नकाशावर ठिपका नसलेल्या गावाचे नाव रोज हवेत उच्चारले जाण्याचा तो एकच मार्ग होता आणि लोकांनी तो मनापासून वापरला.

केंद्र गावाच्या जवळ आणण्याचा विचार सरकारदरबारीही होता. आकाशवाणीच्या स्वायत्ततेसाठी नेमलेल्या बी. जी. वर्गीज समितीने १९७८ मध्ये विकेंद्रित रचनेचा आणि शिक्षणसंस्थांना प्रसारणाची संधी देण्याचा आग्रह धरला. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूतील नागरकोइल इथे देशातले पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले आणि राष्ट्रीय, प्रादेशिक, स्थानिक अशी तीन स्तरांची रचना आली. महाराष्ट्रात पुढील काळात नाशिक, धुळे, अहमदनगर, बीड, सातारा, यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांच्या ठिकाणी एफएम केंद्रे उभी राहिली. कल्पना अशी की केंद्राने स्टुडिओत कमी आणि जिल्ह्यात जास्त असावे: ध्वनिमुद्रक घेऊन आठवडे बाजारात, जत्रेत, शाळेत जावे. जिथे उत्साही माणसे मिळाली तिथे हे घडले. स्थानिक भजनी मंडळे, पोवाडेकार, जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या बायका पहिल्यांदाच ध्वनिमुद्रित झाल्या. पण नेमणुका रिकाम्या राहत गेल्या, नैमित्तिक निवेदकांवर भार पडत गेला आणि दिवसाचा मोठा भाग मुंबई-दिल्लीच्या सहक्षेपणाने भरला जाऊ लागला. २००४ मध्ये देशातल्या ९६ एफएम केंद्रांवरून 'किसानवाणी' सुरू झाली, तेव्हा या केंद्रांना शेतीविषयी स्वतःचे काम परत मिळाले.

खरा बदल न्यायालयातून आला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट प्रक्षेपणाच्या हक्कांवरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. या निकालातून दोन वाटा निघाल्या. एक खासगी एफएमची: लिलावाने परवाने, मोठी शहरे, मग नाशिक, जळगाव, धुळे, सोलापूर, नांदेड अशी मध्यम शहरे. दुसरी सामुदायिक रेडिओची. १९९६ मध्ये बंगळूरला जमलेल्या प्रसारणकर्त्यांनी आणि कार्यकर्त्यांनी तिचा जाहीरनामा केला. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना, तर २००६ च्या अखेरीस स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना परवान्याचा हक्क मिळाला. शेजारी देश आपल्या पुढे होते. श्रीलंकेत कोतमले इथे १९८९ मध्ये असे केंद्र आले होते, काठमांडूचा रेडिओ सगरमाथा १९९७ पासून बोलत होता. आपल्याकडे बिहारच्या मन्सूरपूर गावात एका तरुण दुरुस्ती कारागिराने किरकोळ सुट्या भागांतून परवान्याविना चालवलेले केंद्र २००६ मध्ये बंद करण्यात आले. यंत्र दुर्मीळ नव्हते, परवानगी दुर्मीळ होती.

महाराष्ट्रात या दुसऱ्या वाटेने आलेली केंद्रे एका जातीची नाहीत आणि त्यांच्यातला फरक नवख्या वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावा. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी किंवा मुंबई विद्यापीठाचे केंद्र ही विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाभोवती वाढली. बारामती आणि प्रवरा परिसरातली कृषी विज्ञान केंद्रांची केंद्रे शेतीसल्ल्याची आहेत. जुन्या कृषिप्रसारणाचा धागा त्यांनी लहान परिघात पुढे नेला, तज्ज्ञ जवळ आल्यामुळे सल्ला जमिनीला धरून झाला. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातली येरळावाणी दुष्काळी भागातल्या सामाजिक कामातून आली.

यांत म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी या पुस्तकाला सर्वांत जवळची. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या कामाच्या आधाराने २००८ मध्ये ९०.४ मेगाहर्ट्झवर हे केंद्र सुरू झाले. बँकेत येणाऱ्या, आठवडे बाजारात बसणाऱ्या, छावणीत जनावरे घेऊन गेलेल्या बायका इथे श्रोत्या तर होत्याच, त्याच माईकसमोरही आल्या. निवेदनाची भाषा माणदेशी राहिली. पाणी, कर्ज, शेळीपालन, ओव्या, मुलींचे शिक्षण असे विषय त्यांच्याकडून आले. पुण्याच्या स्टुडिओत माडगूळकरांनी ज्या मुलखाची बोली पोचवली, त्याच मुलखाने पन्नास वर्षांनी आपला मनोरा उभा केला, हा या इतिहासातला अत्यंत आनंदाचा टप्पा आहे. तेलंगणातल्या माचनूरचा दलित स्त्रियांनी चालवलेला संघम रेडिओही २००८ चाच.

या केंद्रांकडे पाहण्याच्या दृष्टीही वेगवेगळ्या आहेत. शेतीविस्ताराच्या अंगाने पाहणारा अभ्यासक विचारतो की संदेश पोचला का, पीक वाढले का. सहभागवादी अभ्यासक विचारतो की कार्यक्रम कोणी ठरवला. तिसरी दृष्टी अर्थकारणाची: वीज, दुरुस्ती, मानधन यांचा खर्च कोण भरतो. चौथी लोकसाहित्य आणि बोलींच्या अभ्यासकांची. त्यांना ही केंद्रे ध्वनींचा जिवंत साठा वाटतात. पुस्तकाने दुसऱ्या दृष्टीला अग्रक्रम दिला आहे आणि त्याचे कारण पुण्याच्या प्रयोगात आहे. मनोरा किती जवळ आहे यावरून केंद्र कोणाचे हे ठरत नाही. उद्याच्या कार्यक्रमाचा विषय कोणाच्या प्रश्नावरून निघाला यावरून ठरते. एप्रिल २०२३ मध्ये देशभर शंभर वॉटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकदम सुरू झाले. दूरच्या भागांना स्वच्छ आवाज मिळाला हे चांगलेच झाले. पण त्यांचे मुख्य काम सहक्षेपणाचे आहे, आणि शंभर वॉटच्या त्या मनोऱ्यापेक्षा पन्नास वॉटचे म्हसवड गावाच्या जास्त जवळ आहे.

हा विषय आज हाती घेण्यास कारणे आहेत. मोबाइल आल्यावर लहान रेडिओची गरज संपली, असे सर्रास म्हटले जाते. लिलावाचा भाव आता फोनवर मिनिटात येतो हे खरेच आहे. पण २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा ज्या घरात एकच साधा फोन होता, तिथे आवाजानेच वर्ग भरला. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली. नाशिक शहरात १५ ऑगस्ट २०११ पासून ९०.८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या रेडिओ विश्वासने जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतल्या तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी शिक्षकांकडून पाठ ध्वनिमुद्रित करून घेतले आणि राज्यातल्या आणखी सहा सामुदायिक केंद्रांनी ते ऐकवले. सामुदायिक रेडिओच्या राष्ट्रीय पुरस्कारांत या कामाची नोंद झाली. केंद्रे हाताशी होती म्हणून हे आठवड्यांत जमले.

दुसरे कारण कायद्याचे. सामुदायिक आणि खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा अजून नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. हवामान, परीक्षा, उत्सव, वीज आणि पाणीपुरवठ्याच्या सूचना यांना नियम बातमी मानत नाहीत. म्हणजे नळाला उद्या पाणी येणार नाही हे केंद्र सांगू शकते. का येणार नाही याचा शोध घेऊन सांगायला गेले की नियमाची हद्द लागते. लहान गावात दैनिकाचा बातमीदारही अर्धवेळ असतो, तिथे ही हद्द फार जाचक आहे आणि ती उठायला हवी. आकाशवाणीतही प्रादेशिक बातम्यांची जागा निर्धोक नाही: जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम अन्यत्र हलवण्याचा निर्णय झाला आणि विरोध झाल्यावर थांबवण्यात आला. अर्थकारणात थोडी मोकळीक आली आहे. २०२४ च्या नव्या नियमांनी जाहिरातींची मर्यादा तासाला सातवरून बारा मिनिटांवर नेली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. देशात आज पाचशेहून अधिक सामुदायिक केंद्रे आहेत. इतक्या मोठ्या देशाला ती तोकडी आहेत.

तिसरे कारण निकडीचे आहे. चुंबकीय फिती महाग असत, म्हणून प्रसारणानंतर त्या पुसून पुन्हा वापरण्याचा रिवाज होता. ग्रामीण कार्यक्रम, बोलींतले संवाद, हौशी गायकांची गाणी आधी पुसली गेली; नामवंतांची मैफल जपली गेली. अहिराणीसारख्या बोलीची, रेडिओवर उच्चारलेली कित्येक तासांची संपदा अशी गेली. जे लोक ती बोलले आणि ज्यांनी ती ऐकली, ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

म्हणून पुस्तकाची साधनेही वेगळी आहेत. केंद्रांच्या छापील कार्यक्रमपत्रिका आणि धोरणांचे कागद त्यात आहेतच. पण मुख्य आधार श्रोत्यांच्या आठवणी, जपून ठेवलेली पत्रे आणि घरोघरच्या कॅसेटींचा आहे. आठवणींत वर्षे सरमिसळ होतात, म्हणून सनावळीसाठी कागद आणि अनुभवासाठी माणूस असा नियम पाळला आहे. चित्रपटसंगीताचा रेडिओ आणि दूरदर्शनशी झालेली स्पर्धा यांवर स्वतंत्र लेखन विपुल असल्याने ते विषय संदर्भापुरते येतात. कालखंड १९२७ ते २०२४ असा धरला आहे. मांडणी काळाच्या क्रमाने असली तरी प्रत्येक टप्प्यावर कसमादेच्या खोऱ्यात त्या वेळी कोणते केंद्र ऐकू येत होते, कोणत्या बोलीत, आणि तिथून उलट काय पाठवता येत होते, हे तीन प्रश्न पुन्हा विचारले आहेत. तंत्राची माहिती नसलेल्या वाचकासाठी लहरी, प्रक्षेपक आणि परवाना पद्धती यांची ओळख सुरुवातीला दिली आहे. अहिराणी आणि माणदेशी बोलणी मूळ रूपात ठेवली असून प्रमाण मराठीतला अर्थ शेजारीच छापला आहे.